हिवाळ्याचा अंदाज आणि माणिकप्पाच्या मेंढ्या

"मॅडम, तीस सेकंदांत बसवा. त्याच्या वर गेलं की लोक फोन ठेवतात," एवढं सांगून सर केबिनमध्ये गेले आणि मी कागदावर पुन्हा काटछाट करायला घेतली.

नोव्हेंबर संपत आला होता. वरून हिवाळ्याचा अंदाज आला होता आणि तो मला मराठीत, माझ्या आवाजात रेकॉर्ड करायचा होता. मी बिदर जिल्ह्यातल्या एका कृषी हवामान केंद्रात काम करते. आठवड्यातून दोनदा आमचं बुलेटिन निघतं. पुढचे पाच दिवस पाऊस किती, वारा कसा, थंडी किती, आणि त्यावरून शेतात काय करावं, काय टाळावं, असं त्यात असतं. ते कन्नडमध्ये निघतं. पण भालकी, बसवकल्याण, औराद या बाजूच्या गावांत वयस्कर माणसं मराठीच बोलतात. त्यांच्यासाठी मराठी व्हॉइस मेसेज सुरू करू द्या, म्हणून मी वर्षभर सरांच्या मागे लागले होते आणि शेवटी ते सुरू झाले. माझं माहेर बसवकल्याणचं. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि भांडण पेटलं की दखनी. त्यामुळे हे काम माझ्याशिवाय कोण करणार, असा माझा तोरा होता.

आता या हिवाळ्याच्या अंदाजाबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पाच दिवसांचा अंदाज वेगळा आणि तीन महिन्यांचा वेगळा. तीन महिन्यांच्या अंदाजाला आम्ही लाँग रेंज म्हणतो. त्यात अमुक तारखेला थंडी पडेल असं नसतं. समुद्र किती तापलाय, वारे कुठून वाहण्याची चिन्हं आहेत, अशा गोष्टींवरून एवढंच काढतात की डिसेंबर ते फेब्रुवारीचं एकूण तापमान नेहमीपेक्षा जास्त असेल की कमी. नेहमीपेक्षा म्हणजे तीसेक वर्षांच्या सरासरीपेक्षा. मग देशाचा नकाशा रंगवतात. थंडी कमी तिथे तांबडा, जास्त तिथे निळा. त्या वर्षी आमचा भाग तांबडा होता आणि शेजारचा मराठवाडा पांढरट होता. पांढरट म्हणजे काही सांगता येत नाही. आमच्या कागदांत भालकी उत्तर अंतर्गत कर्नाटकात आणि उदगीर मराठवाड्यात. बसने तासाभराचा रस्ता. पण नकाशात मध्ये रेघ असते आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे रंग बदलतो.

मूळ वाक्य असं होतं : उत्तर अंतर्गत कर्नाटकाच्या बहुतांश भागात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता अधिक आहे. किमान तापमान म्हणजे पहाटेचं, दिवसातलं सगळ्यात कमी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घड्याळ तीस सेकंदांच्या पुढे गेलं. 'बहुतांश' काढला. 'किमान' कुणाला कळणार, म्हणून तोही काढला. 'शक्यता' हा शब्द आमच्याकडे लोक ऐकूनच हसतात, म्हणून 'राहील' केलं. शेवटी झालं ते असं : "शेतकरी बंधूभगिनींनो, यंदाच्या हिवाळ्यात आपल्या भागात थंडी कमीच राहील." हे इतकं आटोपशीर झालं की सेकंद उरले. ते रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून मी माझ्या पदरचं जोडलं, "काळजी नसावी."

सरांनी ऐकलं. "छान. गोड झालंय," म्हणाले. मलाही गोड वाटलं.

माणिकप्पाचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

त्याची माझी ओळख भांडणातून झालेली. आमच्या केंद्राच्या आवारात कुंपण घातलेली एक जागा आहे. तिथे पाऊस मोजायचं, तापमान मोजायचं सामान असतं. एकदा त्याच्या मेंढ्या फाटकातून आत शिरल्या आणि पर्जन्यमापकाभोवतीचं गवत साफ करून गेल्या. मी ओरडत बाहेर धावले. हा शांतपणे म्हणाला, "अक्का, गवत कापायला माणूस लावताव ना तुमी? आता लावू नका." मला राग विसरून हसू आलं. तेव्हापासून मी त्याला माणिकअण्णा म्हणायला लागले. तो भालकीकडच्या एका गावचा धनगर. दोनशेच्या आसपास मेंढ्या. बायको नागम्मा आणि तो, दोघं वर्षातले आठ महिने रानोमाळ. हिवाळ्यात ते शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवायचे. पीक निघालेल्या शेतात कळप मुक्कामाला ठेवायचा, लेंडीमुताचं खत जमिनीला मिळतं. शेतकरी त्या बदल्यात ज्वारी देतात.

फोनवर येणारा माझा प्रत्येक मेसेज तो रेकॉर्ड करून जपून ठेवायचा. पुसायचा नाही. पाऊस खरंच आला की फोन करून सांगायचा, "अक्का, तुमचा आला बरं का पाऊस." जसा काही मीच पाठवलाय. या नोकरीत माझं कौतुक करणारा तो एकटाच माणूस होता, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

"अक्का," तो त्या दिवशी म्हणाला, "थंडी कमी हाय म्हणलाव ना यंदा?"

"हो, तसा अंदाज आहे."

"मंग मेंढ्या कातरू का आत्ताच?"

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. मेंढ्यांची लोकर चिखलाने, कुसळांनी गच्च झाली होती. आत गोचीड. जनावरं बाभळीच्या खोडाला अंग घासून घासून रक्त काढत होती. कातरली असती तर सुटली असती. पण या लोकांचा एक नेम आहे. दिवाळीच्या आत कातरायला जमलं नाही, तर मग संक्रांत होईपर्यंत मेंढीला कातर लावायची नाही. चार घरची माणसं एका ठिकाणी जमतात, एकमेकांच्या मेंढ्या कातरतात, मजुरी कुणी घेत नाही, ज्याच्या मेंढ्या त्याच्याकडे जेवण. हे सगळं संक्रांतीनंतर.

फोनवर मागून नागम्माचा आवाज आला. "संक्रांत होऊ दे की! बारा मेंढ्या व्यायला झाल्यात, अन् ह्याला आत्ताच सुचायलंय!"

"थांब की गं," तो तिला म्हणाला. "अक्का काय अशीच सांगायली का? दिल्लीच्या मिशीनवर बगून सांगायली." मग मला, "सांगा अक्का. कातरू?"

मला मेंढ्यांतलं काही कळत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, असं मी म्हणायला हवं होतं. हा तीन महिन्यांचा अंदाज आहे, मधल्या एखाद्या आठवड्याचं यात काही नाही, असं म्हणायला हवं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी यावर परीक्षा दिली आहे, नव्या पोरींना शिकवते. पण पलीकडे एक माणूस त्याच्या बायकोसमोर माझ्या जिवावर बोलत होता. मला त्याची मान खाली जाऊ द्यायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला माझीही जाऊ द्यायची नव्हती.

"कातरा की," मी म्हणाले. "यंदा काही भीती नाही."

चार घरच्यांपैकी बाकी तिघांनी नकार दिला. त्यांनी संक्रांतीची वाट पाहायचं ठरवलं. पण नात्याला जागून माणिकप्पाच्या मेंढ्या कातरायला आले, जेवून गेले. त्याने मला फोटो पाठवला. कातरलेल्या मेंढ्या अगदी लहानखुऱ्या दिसत होत्या. खाली त्याचा आवाज होता : "बगा अक्का, कशा हलक्या झाल्यात. आता खाजवंनात."

त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील. बंगालच्या उपसागरात काहीतरी गडबड होऊन आमच्याकडे आभाळ आलं. सोमवारी सकाळी मी पुढच्या आठवडाभराचे आकडे उघडले. दोन दिवस झिमझिम पाऊस. नंतर आभाळ मोकळं आणि उत्तरेचा वारा. हिवाळ्यात आभाळ मोकळं झालं की जमिनीची ऊब सगळी वर निघून जाते. ढग असले तर गोधडीसारखे अडवतात. ते गेले, वर वारा सुटला, आणि पहाटेचा पारा एक आकडी दिसत होता. तोही एक दिवस नाही. ओळीने चार दिवस.

बुलेटिनच्या आधी मी माणिकप्पाला फोन लावला.

"अण्णा, थंडी येतीय. पाऊस लागंल, मग गार वारा. मेंढ्या आडोशाला न्या. कोरड्या ठेवा."

मला वाटलं फोन कटला.

"अण्णा?"

"हाय की. ऐकायलोय." मग अगदी हळू आवाजात, त्यात राग नव्हता, "अक्का, लोकर कुठनं आणू आता?"

मी आडोसा, शेकोटी, कोरडा पाला असं सगळं पुन्हा म्हटलं. तो "व्हय, व्हय" करत राहिला. दुपारी मी मराठी मेसेज रेकॉर्ड केला. त्यात सांगितलं होतं, जनावरं गोठ्यात बांधा. गोठा असलेल्यांसाठी तो सल्ला अगदी योग्य होता.

गुरुवारी मी रजा टाकली. बिदरच्या बाजारातून रिकामी पोती घेतली, दोन गठ्ठे, आणि भालकीची बस धरली. पोती मेंढ्यांना पांघरता येतील असं माझ्या डोक्यात होतं. दोनशे मेंढ्यांना किती पोती लागतात याचा हिशेबही मी केला नव्हता. नुसतं बसवेना म्हणून निघाले. भालकीहून रिक्षा केली. सकाळचे नऊ वाजून गेले होते, ऊन पडलं होतं, तरी रिक्षावाल्याने कान बांधले होते.

गावात विचारत विचारत गेले आणि ते रान लांबूनच ओळखलं. एका अंगाला तूर उभी होती, दुसऱ्या अंगाला सोयाबीन काढलेलं मोकळं शेत. तुरीच्या कडेला त्यांनी जाळ्या लावून, वर कडबा रचून आडोसा केला होता. शेतमालकाने पत्र्याची एक खोली दिली होती, तिच्यात पिलं आणि व्यालेल्या मेंढ्या कोंबल्या होत्या. बाकीच्या बाहेर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. अंगावर कातरीच्या रेघा दिसत होत्या आणि त्या थरथरत होत्या.

बांधाच्या बाजूला माणिकप्पाने मेलेल्या मेंढ्या ओळीने ठेवल्या होत्या. डॉक्टर पंचनाम्याला येणार होते, मोजायला सोपं पडावं म्हणून. मी मोजायला सुरुवात केली आणि तिसाव्यापुढे सोडून दिलं. पिलं वेगळी, एका पोत्यावर होती.

माणिकप्पा उकिडवा बसला होता. त्याने स्वतःची घोंगडी एका मेंढीवर टाकली होती. तीही गेलेली होती, पण घोंगडी त्याने काढली नव्हती. मला पाहून उठला. "या अक्का," म्हणाला. "कामून आलाव एवढ्या थंडीत?"

मी पोती खाली ठेवली.

नागम्मा पत्र्याच्या खोलीतून बाहेर आली. तिने पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कमरेचा फोन काढला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"शेतकरी बंधूभगिनींनो, यंदाच्या हिवाळ्यात आपल्या भागात थंडी कमीच राहील. काळजी नसावी."

माझा आवाज खूप गोड होता. एवढा गोड की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"बंद कर ते," माणिकप्पा म्हणाला.

"कामून बंद करू? ऐकू दे की तिला." तिने पुन्हा लावला. "म्याडम, तुमच्या हापिसात थंडी वाजत न्हाई का वो? हितं माजी मेंढी पिलाला चाटत चाटत मेली. पिलू मेल्यालं तिला कळलं न्हाई. चाटायलीच. अन् तुमी म्हणताव काळजी नसावी."

"नागम्मा, माझं चुकलं," मी म्हणाले.

"तुमचं चुकलं," ती म्हणाली. "व्हय. चुकलंच." आणि मग तिने तोंडाला पदर लावला. मी तिच्याजवळ गेले तर तिने हात झटकला नाही, पण धरूही दिला नाही.

माणिकप्पाने मला एकच विचारलं. "अजून किती दिस हाय हे?"

"दोन," मी म्हणाले.

तो अंदाजही बरोबर आला. त्या दोन दिवसांत आणखी गेल्या, दोनशेतल्या मोजक्याच उरल्या. गाभण होत्या त्यांनी गर्भ टाकले. शेजारच्या शिवारात बाकीच्या तिघांचे कळप होते, अंगभर लोकर असलेले. तिथेही थंडी तीच होती. तिथे एकही मेली नाही.

तिसऱ्या दिवशी थंडी ओसरली आणि नंतर अख्खा हिवाळा सौम्य गेला. जानेवारीत बिदरमधल्या मैलूरच्या माझ्या घरी आम्ही पंखा लावला. मला तो पंखा बघवत नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडताळणी असते. दिलेला अंदाज आणि प्रत्यक्षात झालेलं तापमान शेजारी शेजारी मांडायचं आणि बरोबर की चूक ते लिहायचं. तो तक्ता मीच भरते. मी तीन महिन्यांच्या पहाटेच्या तापमानांची बेरीज केली, दिवसांनी भागलं. सरासरीपेक्षा जास्त आलं. चार-पाच गार दिवस बाकीच्या सगळ्या उबदार दिवसांत विरघळून गेले होते. मी पुन्हा केली. चूक निघावी अशी मनापासून इच्छा होती. तेच आलं.

सर खूश झाले. "बघा, करेक्ट. आपला जिल्हा करेक्ट आलाय."

"सर, शेरा लिहायची जागा आहे. मेंढ्यांचं लिहू का?"

"काय लिहिणार?"

"की आपला मेसेज ऐकून एकाने मेंढ्या कातरल्या आणि कळप गेला."

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मॅडम, ही अंदाजाची पडताळणी आहे. अंदाज चुकला असता तर लिहिलं असतं. बरोबर आलेल्या अंदाजात शेरा काय देणार?"

"मेसेज चुकला होता सर. अंदाज नाही. 'शक्यता' मी काढला."

"मी ऐकला होता ना तो? मीही छान म्हणालो." त्यांनी चष्मा परत लावला. "लिहा. पण वर कुणी वाचणार नाही, एवढं सांगून ठेवतो."

मी लिहिलं. कुणी वाचलं नाही.

त्याच महिन्यात एका कार्यशाळेसाठी मी भालकीला गेले होते. परतताना बसस्टँडवर माणिकप्पा आणि नागम्मा दिसले. पायाशी दोन गाठोडी आणि एक पत्र्याची पेटी. मेंढ्या नव्हत्या. त्या माणसाला मी कळपाशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. तो उंचीने एवढा कमी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"कुठं निघालाव अण्णा?"

"हैदराबाद. एका सायबाच्या बिल्डिंगीवर वॉचमनचं काम हाय. दोघांला ऱ्हायला खोली देयलेत."

"आणि मेंढ्या?"

"राहिल्याल्या साडूच्या कळपात घातलो. एवढ्याशा मेंढ्या कोण रानात बसवून घेतंय अक्का? शेतकरी म्हणतंय, खत किती पडंल त्याचं?" तो हसला. "साडू संक्रांतीनंतर कातरतो बरं का. त्येचं बरं हाय."

नागम्मा दुसरीकडे पाहत होती. ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

मग त्याने विचारलं. मला वाटतं हे त्याने बरेच दिवस मनात धरून ठेवलं होतं, आणि विचारायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"अक्का, एक सांगा. तुमचं ते हिवाळ्याचं… शेवटाला बरोबर आलं का चुकलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. चुकलं म्हणाले असते तर त्याला बरं वाटलं असतं. मिशीन चुकलं, दैव फिरलं, संपलं. पण त्याच्याशी एकदा त्याला बरं वाटावं म्हणून बोलून झालं होतं.

"बरोबर आलं अण्णा. तीन महिन्यांचं मिळून थंडी कमीच होती. ते चार दिवस तेवढे…"

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"मंग चूक आमचीच झाली की," तो म्हणाला.

"नाही अण्णा. चूक माझी आहे. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही."

"न्हाई, न्हाई. तुमचं बरोबर आलंय म्हणताव ना? मंग झालं तर." आणि तो नागम्माकडे वळून, जणू तिला धीर द्यायला, म्हणाला, "ऐकलीस का? अक्काचं चुकलं नव्हतं. मीच घाई केलो."

हैदराबादची बस लागली. मी पेटीला हात लावायला गेले, तर त्याने लावू दिला नाही. पेटी स्वतःच वर चढवली, नागम्माला खिडकीची जागा धरून दिली. बस निघाली तेव्हा त्याने मला हात केला. तिने नाही.

आता हिवाळ्याचा मेसेज मी दर वर्षी करते. त्यात 'शक्यता' असते, 'बहुतांश' असतं आणि शेवटी हेही असतं की यावरून मेंढ्या कातरू नका, जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. लांबलचक होतो. लोक मधेच फोन ठेवतात, हे मला मशीनवर दिसतं. या कामात मी एवढंच शिकले की अंदाज बरोबर आला याचा अर्थ तो ऐकणाऱ्याचं बरं झालं, असा होत नाही. आमच्या तक्त्यात चुकलेल्या अंदाजासाठी रकाना आहे. बरोबर आलेल्या अंदाजाने ज्यांचं वाटोळं झालं, त्यांच्यासाठी नाही.